फरशी जपली, माणसं गेली

केरळात, कोचीच्या मट्टांचेरी भागात 'परदेशी सिनेगॉग' नावाचं ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. त्यात शिरताना चपला बाहेर काढाव्या लागतात. आत पाऊल टाकलं की आधी तळव्यांना गारवा जाणवतो आणि मग नजर खाली जाते. अठराव्या शतकात चीनहून आणलेल्या पांढऱ्या फरश्या, त्यांवर निळ्या रंगात हाताने काढलेली झाडं. एकीसारखी दुसरी नाही असं सांगतात. मी ओळीने दहा-बारा फरश्या वाकून पाहिल्या, प्रत्येकीत फांदी थोडी वेगळी वळलेली. वर बेल्जियमची काचेची झुंबरं. गेल्या डिसेंबरात मी तिथे उभी होते तेव्हा आत पन्नास-साठ माणसं तरी असतील, सगळी बघणारी. शेजारीच एक मराठी कुटुंब होतं. त्यातले वडील मुलाला म्हणाले, "बघ, इथे सगळ्या धर्मांचे लोक कसे गुण्यागोविंदाने राहतात."

'राहतात' हा शब्द दिवसभर माझ्या डोक्यातून गेला नाही.

ज्यू धर्मात सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. 1568 साली बांधलेल्या या प्रार्थनास्थळाला आपल्या गल्लीतून दहा पुरुष मिळेनासे होऊन कित्येक वर्षं झाली. ज्या गल्लीला आजही ज्यू टाउन म्हणतात तिथले परदेशी ज्यू, म्हणजे मागाहून बाहेरून आलेल्या ज्यूंचे वंशज, एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच उरले. वडिलांची चूक नव्हती. पाटीवर, माहितीपत्रकात, गाइडच्या तोंडी सगळीकडे वर्तमानकाळच असतो. माणसं गेली तरी वास्तू राहते आणि तिकीट वास्तूचं असतं, त्यामुळे क्रियापद बदलण्याची निकड कुणालाच वाटत नाही.

मला वाटते, आणि म्हणूनच हे लिहिते आहे. ज्या वस्तीची ख्याती तिथल्या माणसांच्या सरमिसळीवर उभी आहे, त्या वस्तीत वारसा म्हणून येणाऱ्या पैशावर पहिला हक्क तिथे राहणाऱ्यांच्या छपराचा आणि कामधंद्याचा असला पाहिजे. झुंबरं आणि फरश्या त्यानंतर. आज हा क्रम उलटा आहे.

मी अलिबागची. आमच्याकडे इस्रायल आळी आहे, मागेन अबोथ सिनेगॉग आहे. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि वाचलेल्या सात जोडप्यांपासून बेने इस्रायल, म्हणजे आमच्याकडचे मराठी बोलणारे ज्यू, वाढले, ही गोष्ट आम्ही शाळेच्या आधी शेजारी ऐकली. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनवार तेली. किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर अशी आपल्यासारखीच गावावरून आडनावं. माझ्या लहानपणी मागच्या घरातल्या मावशींकडे मलिदा असला की आमच्या घरी ताट यायचं: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर खजूर आणि केळ्याचे काप. एलियाहू हनाबी या ज्यूंच्या प्रेषिताच्या नावाने केलेला तो प्रसाद आहे हे मला फार उशिरा कळलं, तोवर तो फक्त 'मावशींचे पोहे' होता. मग एके वर्षी मावशींचं कुटुंबही गेलं. इस्रायलमध्ये बेने इस्रायल मंडळी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढत आली आहेत, हे वाचून ऊर भरून येतो, पण आळीतल्या त्या घराला त्याचा काही उपयोग नाही. आज अलिबागला येणारे पर्यटक सिनेगॉगसमोर फोटो काढतात. त्यांनाही कुणीतरी 'इथे राहतात' असंच सांगत असेल.

कोचीशी आमचा धागा जुना आहे. बेने इस्रायलांच्या परंपरेत त्यांना धर्माचे पाठ पुन्हा देणाऱ्या दाविद रहाबीचं नाव येतं, आणि रहाबी हे कोचीचं घराणं. मट्टांचेरीच्या सिनेगॉगशेजारचा घड्याळाचा मनोरा याच घराण्यातल्या एझेकिएल रहाबीने उभारला. त्याच्या एका बाजूला हिब्रू आकडे, एका बाजूला मल्याळम, एका बाजूला रोमन. पुढे एकोणिसाव्या शतकात कोचीचे ज्यू मुंबईत आणि कोकणात शिक्षक म्हणून आले. म्हणून मट्टांचेरीला मी पाहुणी म्हणून गेले तरी अगदी परकी नव्हते.

या पाच-सात गल्ल्यांत इतके लोक जमले कसे? चांगुलपणाने जमले, असं सांगणं सोपं आहे. खरं कारण मिरी. मिरी, आलं, वेलदोडा जिथून जहाजात चढत होता तिथे जो तो येत गेला. क्रांगनूरचे, म्हणजे आजच्या कोडुंगल्लूरचे, ज्यू 1524 च्या हल्ल्यानंतर कोचीला आले आणि राजाने त्यांना आपल्या वाड्याला लागून जागा दिली. गोव्यात पोर्तुगीजांचा धर्मछळ वाढला, 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं, तसे सारस्वत देव घेऊन दक्षिणेकडे निघाले. त्यांचं तिरुमल देवस्वम मंदिर मट्टांचेरीच्या चेरलाईत आहे. गुजराती आले, त्यांचा गुजराती रोड आहे, शाळा आहे, जैन मंदिरात रोज दुपारी कबुतरांना दाणे टाकतात. कच्छी मेमन आले. तमिळ वण्णार आले, डचांनी शिपायांचे कपडे धुण्यासाठी त्यांचे पूर्वज आणले असं म्हणतात, आणि फोर्ट कोचीच्या धोबीखान्यात आजही त्यांच्या हौदांवर कपडे आपटण्याचा आवाज येतो. बंदराला सगळ्यांची गरज होती. दलाल, सावकार, हमाल, धोबी, वैद्य, दुभाषी, यांतलं एकही माणूस वजा केलं तर माल हलला नसता.

या गरजेतून किती मोठं काम उभं राहू शकतं याचा एक दाखला मला फार प्रिय आहे. मलबारचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीड याने इथल्या वनस्पतींवर 'हॉर्तुस मलबारिकुस' हा 12 खंडांचा ग्रंथ तयार करवला. तो 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅमला लॅटिनमध्ये छापला गेला. माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे ईळवा वैद्य होते आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट हे तीन कोंकणी ब्राह्मण होते. या तिघांचं 1675 चं प्रमाणपत्र पहिल्या खंडात कोंकणीत, नागरी लिपीत छापलं आहे. गोव्यातून परागंदा झालेल्यांच्या वंशातले वैद्य, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतला वैद्य, डच अधिकारी आणि लॅटिन छपाई, हे सगळं एका पुस्तकात. विविधतेची शोभा म्हणून हे कुणी केलं नाही. प्रत्येकाकडे दुसऱ्याकडे नसलेली एक गोष्ट होती आणि ती मागितल्याशिवाय काम पुरं होत नव्हतं.

गुण्यागोविंदाचं म्हणाल, तर तोही इतिहास सरळ नाही. ज्यांनी या गल्लीला नाव दिलं त्या ज्यूंमध्येच उच्चनीच होतं. परदेशी ज्यू स्वतःला गोरे म्हणवत, मलबारी, म्हणजे इथल्या जुन्या ज्यूंशी सोयरीक करत नसत, आणि त्यांच्याच घरच्या मुक्त केलेल्या गुलामांच्या वंशजांना सिनेगॉगमध्ये बरोबरीने बसता येत नव्हतं. त्या वंशजांपैकी एक, ए. बी. सालेम. वकील झाले, गांधींच्या मार्गाने गेले आणि आपल्याच प्रार्थनास्थळात सत्याग्रह केला. त्यांना ज्यू गांधी म्हणत. आज त्या गल्लीला त्यांचंच नाव आहे, आणि मी गेले त्या दिवशी आमच्या गाइडने नावाची पाटी दाखवली, त्यामागची लढाई सांगितली नाही. राजांचंही तेच. एका राजाने ज्यूंना जागा दिली. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस शक्तन तंपुरानच्या कारकिर्दीत कोंकणी व्यापाऱ्यांची लूट झाली, त्यांच्या तिरुमल मंदिरातली देवाची मूर्ती अलप्पुळेला न्यावी लागली आणि कित्येक दशकं ती तिथेच राहिली. सारस्वतांबरोबर गोव्याकडूनच आलेले, कोंकणीच बोलणारे कुडुंबी पिढ्यानपिढ्या अंगमेहनतीची कामं करत राहिले, पोहे कांडत राहिले, आणि सारस्वतांच्या लेखी खालचेच राहिले.

धक्क्यावरचं काम कसं मिळायचं? ठेकेदाराचा माणूस धातूचे बिल्ले गर्दीत भिरकावायचा. त्याला चाप्पा म्हणत. ज्याच्या हाती चाप्पा लागेल त्यालाच त्या दिवशी काम, म्हणजे त्या दिवशी चूल. शेजाऱ्याच्या अंगावर पडून माणसं ते बिल्ले झोंबाझोंबीने मिळवत. या पद्धतीविरुद्ध कामगार उठले आणि 15 सप्टेंबर 1953 रोजी मट्टांचेरीत गोळीबार होऊन कामगार मारले गेले. सगळ्या जातिधर्मांची माणसं खऱ्या अर्थाने एका बाजूला उभी राहिलेला हा मट्टांचेरीचा क्षण. एखाद्या पाहुण्याला सलोखा दाखवायचाच असेल तर मी त्याला आधी हे सांगेन.

हे उगाळायचं कारण आहे. सलोखा म्हणजे जणू तिथल्या हवेतच आहे अशी आपली समजूत झाली, की तो राखायला काही करावं लागतं हे आपण विसरतो. मट्टांचेरीची सरमिसळ तीन गोष्टींवर टिकली: काम, राहायला परवडेल असं घर, आणि हक्कासाठी भांडता येण्याची सोय. यातलं काय आज उरलं आहे?

काम आधी हललं. 1920 मध्ये आलेल्या रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज अभियंत्याने खाडीच्या तोंडाशी असलेला वाळूचा बांध फोडून खोल वाट काढली, उपसलेल्या गाळातून विलिंग्डन बेट उभं केलं. मोठी जहाजं तिकडे लागू लागली. 2011 मध्ये वल्लारपाडमला कंटेनर टर्मिनल सुरू झालं. मट्टांचेरीच्या बाजार रस्त्यावरची वखारींची रांग अजून आहे, काहींत अजून सुंठ आणि मिरी असते, दारातून जाताना नाकाला झिणझिण्या येतात. पण पुष्कळ वखारी बंद, नाहीतर कॅफे, नाहीतर गालिचे आणि पितळी दिव्यांची दुकानं. ज्यूंचं जाणं निराळं. त्यांना कुणी हाकललं नाही, 1948 नंतर इस्रायलच्या ओढीने बहुतेक कुटुंबं आपणहून निघाली. त्यांना धरून ठेवणं कुणाच्याही हाती नव्हतं, हे मी मान्य करते. पण जे अजून आहेत त्यांचं काय?

चेरलाईत देवळामागच्या एका गल्लीत आम्ही मराठीत बोलत चाललो होतो. ओट्यावर बसलेल्या एका बाईंनी हाक मारली, "तुमी खंयचे?" मी म्हटलं, अलिबाग. त्यांना अलिबाग माहीत नव्हतं, पण कोकण म्हटल्यावर हात धरून त्यांनी ओट्यावर बसवलं. त्यांच्या कोंकणीत मधेमधे मल्याळम येत होतं, माझ्या मराठीतलं त्यांना निम्मं कळत होतं, तरी तासभर बोलणं थांबलं नाही. घर दोन खोल्यांचं. भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत ओलीचा तपकिरी पट्टा, त्याच्या पायथ्याशी कोरडी बादली, पावसाळ्यात जागेवर असावी म्हणून तिथेच ठेवलेली. घर भाड्याचं. मालकाला ते रिकामं हवं आहे, पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या आहेत. मुलगी लग्नानंतर आलुव्याला राहते आणि तिकडेच चला म्हणते. बाई म्हणाल्या, देव इथे, मी तिथे जाऊन काय करू? मग देवळाकडे मान वळवून हात जोडले. त्यांना देवळात जाऊन यायला तीन मिनिटं लागतात. आलुव्याहून येण्यात अर्धा दिवस जाईल आणि मग रोजचं येणं सणाचं होईल. विविधता कमी होते ती अशी. दंगलीत तर होतेच, पण एका भाडेकराराच्या अखेरीसही होते, आणि त्याची बातमी येत नाही.

यावर कुणी म्हणेल, पर्यटनाने पोट भरतं त्यांचं काय? खरं आहे. ज्यू टाउनमधली कितीतरी दुकानं काश्मिरींची आहेत. घर सोडून इतक्या लांब आलेल्या त्या माणसांना मी परके म्हणणार नाही. मट्टांचेरीत जो तो कुठून ना कुठून धंद्यासाठीच आला, ते त्याच वाटेने आलेले सगळ्यात ताजे लोक आहेत. सारा कोहेन या ज्यू बाईंचं भरतकामाचं दुकान त्यांच्या म्हातारपणी एका मुसलमान गृहस्थांनी सांभाळलं, बाईंनाही सांभाळलं. 2019 मध्ये 96 व्या वर्षी त्या वारल्या. ही गोष्ट खरी आहे आणि ती ऐकून माझेही डोळे भरतात. 2012 पासून भरणारं कोची-मुझिरिस बिएनाले हे कलाप्रदर्शन मला आवडतं. मुंबईत राहून काम करणाऱ्या बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू या दोन केरळी चित्रकारांनी ते सुरू केलं आणि पडीक वखारींना पुन्हा दिवे लागले. पर्यटन थांबवा असं मी म्हणतच नाही. मी विचारते, त्यातून येणाऱ्या रुपयातला किती भाग त्या ओल्या भिंतीपर्यंत पोचतो? वस्ती प्रसिद्ध झाली की घरांचे भाव वाढतात, आणि ज्यांच्यामुळे ती प्रसिद्ध झाली तेच आधी बाहेर पडतात. मालकाला फायदा होतो. भाडेकरू, फेरीवाला, वखारीत आलं निवडणारी बाई यांना तो होत नाही. महानगरपालिका आणि पर्यटन खातं यांनी मधे पडलं नाही तर बाजार आपणहून दुसरं काही करणार नाही.

आणि निव्वळ वास्तूच जपायच्या म्हटलं तरी हिशेब सारखा नाही. ज्यू टाउनच्या त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला कडवुंभागम सिनेगॉग आहे. ते मलबारी, म्हणजे 'काळ्या' ज्यूंचं. माणसं गेल्यावर ते गोदाम म्हणून वापरलं गेलं आणि 2019 च्या पावसात त्याचा एक भाग कोसळला. इकडे तिकिटाची रांग आणि तिकडे माती. जातीने जो भेद केला होता तो जतनानेही पुढे चालवावा, याचं मला फार वाईट वाटलं. केरळ सरकारने परवूर आणि चेंदमंगलमच्या सिनेगॉगांची चांगली डागडुजी करून संग्रहालयं केली आहेत, तेव्हा हे जमत नाही असंही नाही.

मग करावं काय? माझी मागणी मोठी नाही. या वॉर्डातली तिकिटं, होम-स्टेचे परवाने, बिएनालेच्या काळातली जागाभाडी यांवर एक ठरावीक आकार घ्यावा आणि तो त्याच वॉर्डातल्या जुन्या भाडेकरूंच्या घरदुरुस्तीला द्यावा. गल्लीत किती घरांचे होम-स्टे होऊ शकतील याला मर्यादा असावी. बाजार रस्त्यावर जी वखार अजून मसाल्याची आहे तिला वखार राहण्यासाठी करात सूट मिळावी, कॅफे होण्यासाठी नको. सालेम रस्त्यावर सालेमांनी काय केलं ते मल्याळम, हिंदी, इंग्रजीत लिहिलेली पाटी लागावी, चाप्प्याचीही लागावी. यातलं काहीही नवलाचं नाही. अलिबागला, रेवदंड्याला आपणही हे करू शकतो, आणि आपल्याकडे अजून थोडी माणसं शिल्लक आहेत म्हणून आपल्याला जास्त घाई असायला हवी.

कोचीची खरी आजची सरमिसळ मट्टांचेरीत नाहीच, हेही सांगायला हवं. ती तासाभरावरच्या पेरुम्बावूरमध्ये आहे. प्लायवूडच्या कारखान्यांत काम करणारे बंगाली, असमिया, ओडिया कामगार रविवारी तिथल्या बाजारात उतरतात, दुकानांवर बंगालीत पाट्या आहेत. केरळ सरकार त्यांना अतिथी कामगार म्हणतं. एर्नाकुलम जिल्ह्यात त्यांच्या मुलांसाठी 'रोशनी' हा उपक्रम 2017 मध्ये सुरू झाला, मुलाला त्याच्या भाषेतून हात धरून मल्याळममध्ये आणायचं, अशी त्यामागची कल्पना. हे मला कुठल्याही झुंबरापेक्षा मोलाचं वाटतं. चारशे वर्षांपूर्वी मिरीसाठी आलेल्यांचं आपण कौतुक करतो आणि आज प्लायवूडसाठी आलेल्यांकडे संशयाने बघतो. खोलीभाडं, रेशन, शाळा यांत त्यांची अडवणूक झाली तर उद्याच्या मट्टांचेरीची मुळं आपण आजच उपटतो आहोत. 'अतिथी' हा शब्द गोड आहे, पण अतिथी जायचा असतो. त्यांना राहता आलं पाहिजे.

पाहुणा म्हणून माझंही काही देणं लागतं. त्या दिवशी मीही आधी सिनेगॉगलाच गेले होते, चेरलाईला नंतर आणि चुकून. निघताना बाईंनी विचारलं होतं, कोकणातली सोलां पाठवशील का? तिथे आंबटाला कुडम्पुळी मिळते, पण तिची चव निराळी, त्यांच्या आईच्या कढीची नाही. पावसाळ्यापूर्वी पुन्हा जायचं ठरवलं आहे, शनिवारी. शनिवारी सिनेगॉग बंद असतं. पिशवीत दोन किलो आमसुलं असतील, आणि त्या घराचा पत्ता तोवर तोच असावा एवढी माझी इच्छा आहे.